पडद्याच्या आतला साक्षीदार

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले ते एका शुक्रवारी, नमाजानंतर, मशिदीच्या पायऱ्यांवर. तेव्हा तिथे तिघे होते: आमचे वडील, जमातीतले एक बुजुर्ग आणि येवल्याचा एक रेशमाचा व्यापारी. व्यापाऱ्याने पस्तिशी ओलांडली होती आणि त्याची पहिली बायको वारली होती. नवरा तोच. बहीण सतरा वर्षांची होती. तिला हे संध्याकाळी कळले. निकाहाला चार आठवडे होते.

ही १९३०च्या दशकातली गोष्ट. आम्ही जुन्या नाशकात राहत होतो. वडील रेशीम रंगवत. मी एका साप्ताहिकाच्या छापखान्यात मुद्रिते तपासायचो आणि गावच्या बातम्या लिहायचो. घरातले बोलणे दखनीत असे. इथे ते मराठीत देतो.

बहीण दोनदा नाही म्हणाली. पहिल्यांदा वडिलांनी ऐकले नाही असे दाखवले. दुसऱ्यांदा म्हणाले, "जमातीसमोर शब्द दिलाय. आता तू हो म्हण की नाही म्हण." तिचे बाहेर जाणे बंद झाले. तिच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती रंगाच्या अंगणात उघडत असे. अंगणात दोरीवर रेशमाच्या लडी वाळत असत. त्या त्याच व्यापाऱ्याच्या होत्या.

आमच्यात मुलीच्या लग्नात मामाचा शब्द चालतो. मामाने हरकत घेतली तर बापालाही थांबावे लागते. पण आम्हाला मामा नव्हता. आई मी आठ वर्षांचा असताना गेली. तिचे माहेर कुठले, माणसे कोण, कोणालाच नीट ठाऊक नव्हते. तिला एका मावशीने नाशकात वाढवले होते आणि ती मावशीही वारली होती.

"भाई, तू साऱ्या गावाची चौकशी करतोस," बहीण म्हणाली. "अम्माची कर ना. कोणी तरी असेलच. आभाळातून थोडीच पडली होती?"

आईच्या नावाचा एकच कागद असण्याची शक्यता होती: निकाहाची नोंद. मी काझींच्या घरी गेलो. त्यांच्या म्हाताऱ्या मुन्शीने दोन दिवस शोधून पान काढले. त्यावर नवरा, नवरी, मेहेरची रक्कम आणि खाली तीन माणसे होती: नवरीचा वकील आणि दोन साक्षीदार. हा वकील कोर्टातला नव्हे. तो नवरीच्या वतीने तिचा होकार आणतो. प्रत्येकाच्या नावापुढे बापाचे नाव आणि गाव होते. पहिला साक्षीदार मावशीचा नवरा, मयत. दुसरा मालेगावचा विणकर. वकील येवल्याचा. त्याच्या बापाचे नाव वाचून मी बोट पानावर तसेच ठेवले. आमच्या व्यापाऱ्याच्या बापाचे नाव तेच होते.

वकील त्याचा थोरला भाऊ होता. आईच्या बाजूचा जो एक माणूस सापडला, तो नवऱ्याच्याच घरचा निघाला.

घरी वडिलांना विचारले. ते म्हणाले, "मग? जुन्या ओळखीचं घर म्हणूनच तर दिली. तो थोरला तुझ्या आईच्या मावशीकडे यायचा-जायचा. वारला बिचारा."

बहिणीने दाराच्या पडद्याआडून ऐकले. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुन्शीकडे परत गेलो. नक्कल करायची राहिली होती. लिहिता लिहिता विचारले, "वकील कोणालाही करतात का?"

"कोणालाही कसा? तो पडद्याच्या आत जातो, नवरीसमोर. बाप, भाऊ, चाचा, मामू. ज्याच्यापुढे ती तोंड झाकत नाही, असा."

"आणि यातलं काहीच नसेल तर?"

मुन्शीने चष्मा काढून पुसला. "मग दुधाचं नातं बघायचं. एका बाईचं दूध प्यालेले भाऊबहीण असतात. त्यांच्यात पडदा नाही अन् निकाहही नाही."

आमचे संपादक कोणतीही बातमी आणली की एकच प्रश्न विचारत: "दुसरा कोण म्हणतो?" माझ्यापाशी फक्त अंदाज होता. निकाहाला सोळा दिवस राहिले होते. आग्रा रोडने मालेगावला जाणारी मोटार मी सकाळी पकडली.

विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. त्याने धोटा थांबवला नाही.

"नाशकाहून माणूस येतो तो दावत घेऊन, नाही तर मयत घेऊन. तू काय आणलंस?"

"अजून ठरलं नाही, चाचा."

मी नक्कल वाचून दाखवली. वकिलाचे नाव येताच तो हसला. "तो तिचा दूधभाऊ. तुझी नानी बाळंतपणात गेली, येवल्यात. शेजारी त्याची आई होती. तिनं सहा महिने पाजलं पोरीला. मग मावशी घेऊन गेली. आम्ही तेव्हा त्याच गल्लीत राहायचो."

"आणि त्या बाईची बाकीची मुलं?"

"सगळी तुझे मामू. धाकटा नंतर झाला, पण दूध तर त्याच आईचं ना?"

मी त्याला बहिणीच्या ठरलेल्या लग्नाचे सगळे सांगितले: नवरा तोच धाकटा. आता माग थांबला. खड्ड्यातून पाय वर घेत तो म्हणाला, "मोटारीनं मला ओकारी होते. पण येतो."

निघताना मी आणखी एक प्रश्न विचारला. तो चौकशीच्या कामाचा नव्हता. "वकिलानं अम्माला विचारलं, तेव्हा ती काय म्हणाली?"

"काय ठाऊक. दोन्ही साक्षीदार पडद्याबाहेर होतो. आतून काहीच ऐकू आलं नाही. बराच वेळ. मग तो बाहेर येऊन म्हणाला, हो आहे. आम्ही सह्या केल्या."

काझींनी त्याचा जबाब घेतला; मामू-भाचीचा निकाह आमच्यात हराम, मग तो मामू दुधाचा का असेना, आणि लग्न मोडले. वडील एवढेच म्हणाले, "जमातीला मी काय तोंड दाखवू?" काझी म्हणाले, "तुम्ही नका बोलू. मी बोलतो." व्यापाऱ्याला हे ठाऊक नव्हते, त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. त्याने निरोप पाठवला: भाचीला दुवा.

बहिणीला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, दुधाची आणि पडद्याबाहेरच्या सह्यांची. दुसरी ऐकून ती खिडकीकडे बघत राहिली. दोरी त्या दिवशी रिकामी होती.

"माझ्या वेळी साक्षीला तू ये," ती म्हणाली. "पडद्याच्या आत. बाहेर उभा राहू नकोस."

तिचा निकाह तीन वर्षांनी झाला. तेही स्थळ वडिलांनीच आणले होते. वकील म्हणून येवल्याचे मामू आले, तेच रेशमाचे व्यापारी. त्यांच्या मागोमाग मी आत गेलो. त्यांनी विचारले. मी तिचे उत्तर ऐकले, मग सही केली.