नानांनी बसवलेला अलार्म

माझ्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी नवरदेवाचे वडील सापडेनात. भडगावला आमच्या घरासमोर मांडव होता. अंतरपाट धरलेला, भटजी खोळंबलेले आणि लाऊडस्पीकर बंद पडलेला. वऱ्हाड रुसलं की काय, या भीतीने माझ्या काकांच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी कुणाला तरी स्टेजखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले. नवाकोरा सफारी मातीत मळवून माझे होणारे सासरे तुटलेली वायर जोडत पडले होते. थोड्या वेळाने कर्णा खरखरला. नाना सरपटत बाहेर आले, हातातला स्क्रू पिळायचा पेचकस वरच्या खिशात खोचला आणि भटजींना म्हणाले, "हं, आता चालू द्या." अंतरपाटाच्या कडेने मी माझ्या नवऱ्याआधी त्यांनाच नीट पाहिलं.

तो पेचकस त्यांच्या खिशातून कधी निघत नसे. धुळ्यात आमच्या गल्लीत त्यांना 'पेचकस नाना' असंच म्हणत. नोकरी पाटबंधारे खात्यातली, ती पण कारकुनाची. हत्यारांशी तिचा काहीच संबंध नव्हता. पण घरातला मिक्सर, इस्त्री, शिलाई मशीन, शेजारच्यांचा रेडिओ, काहीही बिघडलं की नानांचा चेहरा खुलायचा. दुकानात नेऊ या असं कुणी म्हटलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं: "बनवणाऱ्याला दोनच हात होते ना? मग त्यामा काय शे?" एरवी ते आमच्याशी शुद्ध मराठी बोलत, पण फुशारकी आली किंवा मन भरून आलं, की लहानपणची अहिराणी वर यायची.

सगळंच साधायचं असं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी पत्र्याचं पिंप कापून कूलर बनवला. धुळ्यातला मे महिना, भिंतींनासुद्धा हात लावता येत नव्हता. कूलर सुरू झाला आणि वाऱ्याबरोबर पाण्याचे सपकारे थेट गाद्यांवर. माझ्या सासूबाईंना आम्ही अक्का म्हणायचो. त्या उशी पिळत म्हणाल्या, "कूलर आहे का न्हाणी?" नाना शांतपणे म्हणाले, "गार वाटतंय का नाही, तेवढं सांग." गार वाटत होतं, हे अक्कांनाही कबूल करावं लागलं.

माझा नवरा दिलीप मात्र अगदी उलटा. बियाण्यांच्या कंपनीत होता, आठवड्यातले चार दिवस फिरतीवर. साधा फ्यूज गेला तरी तो वायरमनला बोलवायचा. आपल्याला येत नाही ते येणाऱ्याकडून करून घ्यावं, असं त्याचं सरळ म्हणणं होतं, आणि त्यात चूकही काही नव्हती. फक्त हे म्हणणं नानांसमोर मांडलं की जेवणं गार व्हायची.

नव्वदीच्या सुरुवातीला दिलीपने चाळीसगावच्या एका डॉक्टरांकडून जुनी फियाट घेतली. आमच्या गल्लीतली ती पहिली गाडी. महिनाभरातच शेजारच्या कॉलनीत एका गाडीची काच फोडून टेप चोरीला गेला. दिलीपने मुंबईहून येताना अलार्म आणला: एक काळा डबा, छोटा भोंगा आणि रंगीबेरंगी वायरींचं भेंडोळं. "आग्रा रोडला सलीमभाई आहेत, गाड्यांचं वायरिंग तेच करतात. मी परत आलो की बसवून घेऊ," असं सांगून तो फिरतीवर गेला. त्याची बस सुटली असेल नसेल, तोवर नाना गाडीत शिरले होते.

"वैशाली, ये इकडे," त्यांनी मला हाक मारली. "शिकून ठेव. उद्या कामाला येईल."

ते स्टिअरिंगखाली आडवे पडले आणि मी टॉर्च धरून शेजारी बसले. एकेक वायर ओढून माझ्यासमोर धरायचे. "ही कुठली, सांग बरं?"

"निळी."

"शाब्बास. आणि ही?"

"तपकिरी."

"बरोबर. नीट बघून सांगायचं, घाई नाही करायची."

मी बी.ए. झालेली, पण मला अगदी बालवर्गात बसल्यासारखं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडत होतं. माझे वडील मी लहान असतानाच गेले. कुणी इतक्या निगुतीने शेजारी बसवून मला काही शिकवलं नव्हतं. दुपारी अक्कांनी मला पापडांना बोलावलं, तेव्हा थोडं काम राहिलं होतं. "जा तू, दोनच वायरी आहेत. मी करतो," नाना म्हणाले. संध्याकाळी त्यांनी बंद गाडीच्या दाराला हात लावला आणि सगळी गल्ली दणाणून गेली. पोरं टाळ्या पिटत जमली. नानांनी अलार्म पुन्हा पुन्हा वाजवून दाखवला. दिलीप परत आल्यावर त्याच्यासमोरही वाजवला. तो हसला. नानांना तेवढं पुष्कळ होतं.

पुढच्या रविवारी आम्ही चौघं पद्मालयाला दर्शनाला निघालो. पारोळा मागे टाकून एरंडोलच्या रस्त्याला लागलो आणि चालत्या गाडीत भोंगा केकाटायला लागला. दिलीपने बटण दाबलं, आपटलं, उपयोग नाही. मग जळका वास आला आणि स्टिअरिंगखालून धूर निघाला. "उतरा! सगळे उतरा!" दिलीप ओरडला. अक्कांना मी ओढूनच बाहेर काढलं. दिलीपने बॉनेट उघडून बॅटरीची वायर उपटली, तेव्हा भोंगा थांबला. दोन्हीकडे कपाशीची शेतं, मध्ये आम्ही, आणि एकदम शांतता.

दिलीपने खाली वाकून पाहिलं. जळलेल्या वायरी हातात घेऊन तो उठला तो संतापानेच.

"लाल आणि काळी एकत्र बांधलीये! नाना, आपण चौघं जळून मेलो असतो. आंधळ्याच्या सुद्धा लक्षात आलं असतं!"

नानांनी मान खाली घातली. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला ते बघवेना.

"अहो, त्या वायरी मी जोडल्या," मी म्हणाले. "नानांनी बरोबर सांगितलं होतं, माझीच गफलत झाली."

दिलीप माझ्याकडे वळला. तो काही बोलणार, तेवढ्यात नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ती नव्हती. मीच जोडल्या." मग दिलीपकडे पाहत, पण जरासं चुकीच्या दिशेला, ते म्हणाले, "माले रंग दिखत नही रे, दिलीप. मागला वरीसपाईन."

वर्षभर त्यांनी हे घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. 'ही कुठली, सांग बरं' याचा अर्थ मला त्या रस्त्यावर कळला.

दिलीपच्या हातातल्या वायरी खाली पडल्या. अक्का तेवढ्या सावध होत्या. पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "गणपती कुठे पळून जात नाही. जळगावला चला, डॉक्टरांकडे."

दिलीपने वायरी तोडून अलार्मचा डबा बाजूला केला, गाडी कशीबशी सुरू केली आणि आम्ही जळगाव गाठलं. ओळखीतून एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्या रविवारीही तपासणी झाली. इतके दिवस काय केलंत, असं डॉक्टरांनी विचारलं. नानांचा इलाज नानांनीच चालवला होता: डोळ्यांत मध आणि गुलाबपाणी, शिवाय बाजारात फिरणाऱ्या चष्मेवाल्याकडून आणलेले तीन चष्मे आलटूनपालटून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तो काढता येणार होता. पण मागे काचबिंदूही होता, आणि डाव्या डोळ्याची गेलेली नजर आता परत येणार नव्हती. "वर्षभर आधी आला असतात तर..." डॉक्टर म्हणाले आणि थांबले. नानांनी मान हलवली. "आम्हीच घरी उघडून दुरुस्त करत बसलो होतो, साहेब," एवढंच म्हणाले.

ऑपरेशन झाल्यावर उजव्या डोळ्याला पुन्हा रंग दिसू लागले. अलार्म सलीमभाईंनी बसवला. नाना हिरवी पट्टी लावून शेजारी स्टुलावर बसले. आता हे सलीमभाईंचं डोकं खाणार, या धास्तीने मी चहा घेऊन तिथेच उभी राहिले. पण नाना नुसते बघत राहिले. काम संपत आलं तेव्हा एका वायरीकडे बोट करून त्यांनी हळूच विचारलं, "ही निळीच ना?"

"निळीच आहे, नाना."

"दिसली," ते माझ्याकडे वळून म्हणाले.

त्यानंतर ते आणखी सहा-सात वर्षं होते. पेचकस खिशात असायचा, पण उघडणं-जोडणं माझ्या हाताने व्हायचं. ते फक्त सांगत. इस्त्री, पंखा, नळ, हे सगळं मी आजही घरीच करते. पण विजेच्या मोठ्या कामाला माणूस बोलावते, हेही त्यांच्याचमुळे.

रस्त्यावरच्या त्या वाक्याबद्दल दिलीपने नानांची माफी मागितलेली मी ऐकली नाही. पण शेवटच्या आजारपणात नाना अंथरुणाला खिळले, तेव्हा नातेवाइकांनी सुचवलं, करायला एक माणूस ठेवा, हल्ली मिळतात. फ्यूजलाही वायरमन बोलावणारा माझा नवरा म्हणाला, "नको. मी करतो." त्याने रजा टाकली. अंघोळ, औषधं, डोळ्यांतले थेंब, सगळं तो करायचा. पहिल्यांदा दाढी केली तेव्हा नानांच्या हनुवटीला दोन ठिकाणी कापलं. दिलीपने कापूस दाबून धरला.

"अरे, न्हावी बोलाव," नाना हसत म्हणाले. "गावात आहेत की चांगले चांगले."

"राहू द्या. जमेल मला."

नानांनी डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.

त्या थंडीतच ते गेले. आदल्या दिवशी दिलीपनेच त्यांची दाढी केली होती. कुठेही कापलं नव्हतं.