सर्वानुमते

आमच्या गावाला ठराव करायची भारी हौस. पाण्याची टाकी कधीची गळतेय, तिच्यावर ठराव नाही. पण दिल्लीच्या कोर्टात दोन बायांच्या, दोन पुरुषांच्या लग्नाची केस उभी राहिली आणि गावाची झोप उडाली. असल्या लग्नांना मान्यता नको, गरज पडली तर सरकारनं घटना बदलावी, असा ठराव महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत येणार होता. हे मला फोनवर सांगितलं धाकट्या भावानंच. तो ग्रामपंचायतीचा सदस्य.

मी वसमतला शाळेत गणित शिकवते. माझ्याबरोबर राहते ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. लोक तिला माझी मैत्रीण म्हणतात. मीही तेच म्हणते, कारण दुसरा शब्द काढला की समोरचा हातातला चहा खाली ठेवतो. पण भावाला मी स्पष्ट सांगितलं होतं. बाबांना लकवा झाला त्या वर्षी तिनं रजा काढली, गावी राहून त्यांचं हगणं-मुतणं काढलं. भाऊ तेव्हा नाकाला रुमाल लावून दारात उभा असायचा. मी त्याला म्हणाले, आम्ही नवरा-बायकोसारख्या राहतो, कळतं का तुला? तो खाली बघत म्हणाला, "मला काय कळत न्हाई व्हय? ती बी माझी ताईच हाय." या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं निर्धास्त राहिले.

माझं नाव वसमतच्या मतदार यादीत. ग्रामसभेत मत मांडायचा हक्क फक्त गावच्या मतदाराला. म्हणजे आमच्या वतीनं बोलू शकेल असा माणूस एकच. मी त्याला म्हणाले, ठराव तुझ्यानं अडणार नाही, ते मलाही कळतं. पण कुणीच काही बोललं नाही की ग्रामसेवक 'सर्वानुमते मंजूर' असं लिहितो. तेवढं होऊ देऊ नकोस. एका माणसाचा तरी विरोध कागदावर येऊ दे.

"मी उभा राहतो ना, ताई. तू ये तर खरं."

ती मला जाऊ नको म्हणत होती. उन्हाचं निमित्त सांगत होती, पण ते ऊन नव्हतं. मी तिच्यावरच चिडले. माझा भाऊ आहे तो, म्हणाले.

सभा मारुतीच्या देवळापुढं मांडवात होती. बायका एका बाजूला बसलेल्या. त्यातल्या निम्म्यांनी कधी ना कधी तिच्याकडून बीपी तपासून घेतलेला. ग्रामसेवकानं ठराव वाचला. कुठल्याही ठरावाला एक सूचक लागतो आणि त्याला पाठिंबा देणारा एक अनुमोदक. सूचक सरपंचांचे चुलते. "अनुमोदक कोण?" असं ग्रामसेवकानं विचारलं आणि भाऊ उठला. मला वाटलं, विरोध सांगायला उठला. वेडी मी, पदर सावरून ताठ बसले.

"माझं अनुमोदन हाय," तो म्हणाला.

केसानं गळा कापणं मी आजवर फक्त ऐकलं होतं. मी उभी राहिले. "माझा विरोध आहे. लिहून घ्या," असं मी म्हणाले. ग्रामसेवकाचा पेन थांबला. तेव्हा भावानंच त्याला सांगितलं, "तिचं नाव वसमतला हाय, भाऊसाहेब. नका लिहू."

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. एकाही बाईनं मान वर केली नाही.

घरी आल्यावर मी त्याला एवढंच विचारलं, "काहून?"

"सरपंच मलाच म्हणून राहिले, तूच अनुमोदन दे, म्हंजी लोकांची तोंडं बंद होतील. तुमच्यासाठीच केलं, ताई. अन् ठराव तुमच्यावर कुठं हाय? तुमी तर मैत्रिणी."

कुंपणानंच शेत खाल्लं, आणि वर शेतालाच सांगतंय की तुझ्या भल्यासाठी खाल्लं! तो घाबरला असता तर मी माफ केलं असतं. पण त्यानं आमचं खरंखुरं घर पुसून टाकलं, आणि तेही उपकार म्हणून.

वसमतला परतल्यावर तिनं 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हटलं नाही. "उभा राहून बोलला की बसून?" एवढंच विचारलं. उभा राहून, मी म्हणाले. ती भांडी घासायला गेली.

पुढं दहावीचा निकाल लागला आणि भाऊ पोरीला घेऊन आमच्या दारात. सोबत तिची बॅग. "अकरावीला तुमच्याकडंच ठेवतो. तुमच्या घरात मला पोरीचा घोर न्हाई."

मला हसावं की त्याला हाकलावं कळेना. पोरगी आम्हा दोघींची लाडकी. तेवढ्यात ती हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. कधी आवाज न चढवणारी बाई, तिनं आताही चढवला नाही.

"ठेव की. पण आम्ही दोघी एकमेकींच्या कोण, ते आधी पोरीला सांग. तुझ्या तोंडानं, इथं."

पोरगी बापाकडं बघत होती. त्यानं खाली वाकून बॅग उचलली.

पोरगी आता नांदेडला होस्टेलवर असते. तिच्या काळजीनं त्याला झोप लागत नाही म्हणे. त्याला घोर चालतो, आम्ही चालत नाही.