दुसऱ्या चुलीला दिलेली दाद

बाईंच्या यजमानांनी सव्वीस वर्षांत बाईंच्या स्वयंपाकाला एकदाही चांगले म्हटले नव्हते. वाईटही म्हटले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. ताट समोर आले की ते मान खाली घालून जेवत, ताट लख्ख करीत, पाणी पीत आणि उठत. मांजराला दूध पाजले तरी ते मिशा चाटून दाखवते. यजमानांकडून तेवढीही पोच मिळत नसे.

त्यांचा व्यवसाय चहा चाखण्याचा. एका मोठ्या गोदामात रोज सकाळी ते आणि त्यांचे तीन सहकारी एका लांब टेबलाशी उभे राहत. टेबलावर चाळीस पांढऱ्या वाट्या मांडलेल्या असत. प्रत्येकीतला चमचाभर चहा सुर्रकन ओढायचा, जिभेवर घोळवायचा, शेजारच्या पिंपात थुंकायचा आणि कागदावर खूण करायची. चौघांच्या खुणा होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही, असा तिथला कडक नियम होता. एकाच्या हुंकाराने बाकी तिघांची जीभ बाटते, अशी समजूत. खुणा झाल्यावर चर्चा होई ती फक्त दोषांची. ज्या वाटीत दोष नाही तिच्याविषयी बोलायचे काय? ती मुकाट्याने बाजूला सरकवली जाई. हाच नियम हा गृहस्थ घरच्या जेवणाच्या टेबलावर घेऊन आला होता. बाईंच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत त्यांचे टोपणनाव ‘चूळभरे’ असे पडले होते, आणि ते बाईंनीच पाडले होते.

बाई एका माध्यमिक शाळेच्या उपमुख्याध्यापिका. भूमिती शिकवीत. पहाटे साडेपाचला उठून दोन भाज्या करणे, डबे भरणे, एका हाताने कणीक मळता मळता दुसऱ्या हाताने वह्या तपासणे यात त्यांचे तारुण्य गेले. आपण हे सारे एका शब्दासाठी करीत आहोत, हे त्यांनी कुणाजवळ कबूल केले नसते. पण तो शब्द त्यांना हवा होता, आणि पन्नाशी जवळ आली तसा जास्तच हवा होता.

लेक शिकायला परगावी गेली आणि घरात दोघेच उरले, तेव्हा एका रविवारी यजमान म्हणाले, “आज बाहेर जेवू या. आमच्या गोदामामागे एक खानावळ आहे.”

खानावळ म्हणजे आठ टेबले, त्यांवर मेणकापड आणि वाफेने अंधुक झालेली एक खिडकी. स्वयंपाक करणारी बाई स्वतःच ताटे घेऊन बाहेर येई. चाळिशीची, बाह्या कोपरावर सारलेली, मोठ्या आवाजाची. सगळे तिला मावशी म्हणत. तिने वांग्याचा रस्सा आणि पाव समोर ठेवला. यजमानांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाले, “वा, मावशी! आज जमलं!”

बाईंचा हात पावावरच थांबला.

परतताना त्यांनी रस्त्यावर तोफ डागली. “लसूण करपवला होता तिने. कडेला काळा.”

“हं.”

“टोमॅटोची सालंसुद्धा काढली नव्हती. वर साखर! रस्सा आहे की सरबत?”

“असेल.”

“माझ्या हातून असलं काही कधी झालेलं नाही.”

यजमानांनी त्यांच्याकडे जरा चमकून पाहिले.

पुढले तीन दिवस बाईंच्या डोळ्यांपुढून ती कोपरावर सारलेली बाही हलेना. बारीक चौकशीत त्यांना कळले की गोदामातले उपाहारगृह बंद पडल्यापासून यजमान गेले आठ महिने दुपारचे रोज तिथेच जेवत होते. आठ महिने! घरी मौनव्रत आणि बाहेर ‘वा’! वयात आलेल्या मुलांच्या प्रेमपत्रांची प्रकरणे बाईंनी शाळेत शांतपणे मिटवली होती. इथे मात्र एका रश्शावरून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाईवर त्यांना संशय नव्हता. तसला संशय परवडला असता. तिच्या हाताला जी चव होती आणि आपल्या हाताला नव्हती, ती त्यांना सलत होती. अखेर बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या एकट्याच खानावळीत गेल्या. दुपारची गर्दी ओसरली होती. मावशी पातेले घासत होती.

“रविवारी जेवून गेले मी,” बाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या. “तुमचा रस्सा कसा करता ते विचारायला आले आहे.”

मावशीने त्यांना न्याहाळले आणि हात पुसले. “चहावाल्या साहेबांच्या घरच्या ना तुम्ही? अहो, तुम्ही मला काय विचारता? बसा, बसा! माझ्या मास्तरच तुम्ही!”

“म्हणजे?”

“म्हणजे काय, पहिल्याच दिवशी साहेबांनी रस्सा खाल्ला आणि म्हणाले, मावशी, यात चार चुका आहेत. मी म्हटलं, बरं झालं, सकाळपासून भांडायला कुणी मिळालं नव्हतं.” मावशी खदखदून हसली. “पण माणूस खरा. रोज एकेक सांगायचे. लसूण कडेला काळा होईपर्यंत राहू द्या. सालं काढू नका, आमच्या घरी काढत नाहीत. साखर चिमूटभर, पण पातेलं उतरवल्यावर. मी विचारलं, घरी असं करतं तरी कोण? तर म्हणाले, आमची ही. तिच्यासारखा रस्सा मी आजवर कुठे खाल्लेला नाही. परवा म्हणाले, मावशी, तुम्ही आता निम्म्यापर्यंत पोचलात.”

बाई खाली बसल्या. लसूण करपत होता तो रोज सकाळी, त्या वेणी घालायला आरशापुढे जात तेवढ्या वेळात. सालांना वेळ नसे म्हणून ती राहत. पातेले उतरवल्यावर चिमूटभर साखर पडे, ती हाताच्या सवयीने. स्वतःचा रस्सा त्यांनी कधी कुणी वाढलेला, बसून, गरम खाल्लाच नव्हता. शाळेत डब्यातला गार रस्सा वह्या तपासताना पोटात ढकलायचा, एवढीच त्यांची त्याच्याशी ओळख.

एखादी बाई आनंदाने रडली असती. बाईंचा मत्सर मात्र दुप्पट झाला. आपल्या नावाचे पत्र शेजारणीने फोडावे, वाचावे आणि आठ महिने उशाशी ठेवावे, असे त्यांना वाटले.

“आणखी काय म्हणत होते?” त्यांनी विचारले.

“पुष्कळ,” मावशी म्हणाली. “बोलायला लागले की थांबत नाहीत.”

हे वाक्य सर्वांत झोंबले.

संध्याकाळी जेवताना बाईंनी सरळ विषय काढला. “अहो, माझ्या स्वयंपाकाबद्दल त्या मावशीला सांगता, मग मला का नाही?”

यजमान गोंधळले. “तिचं चुकत होतं. नमुना सांगितल्याशिवाय चूक कशी दाखवणार?”

“आणि नमुन्याला काही सांगायचं नसतं?”

“नमुन्यात दोष नव्हता. मग बोलायचं काय?” त्यांनी हे इतक्या प्रामाणिकपणे विचारले की बाईंना हातातला डाव फेकावासा वाटला.

“सव्वीस वर्षं काहीच नाही?”

यजमानांनी आठवून पाहिले. “एकदा दूध लागलं होतं. तेव्हा बोललो होतो.”

“ते तुमच्या आईंनी लावलं होतं!”

दुसऱ्या दिवशी बाईंनी बटाट्याची भाजी बुद्धिपुरस्सर बिघडवली. सरावलेल्या हाताला चूक करायला लावणे सोपे नसते. हात आपोआप योग्य वेळी योग्य डब्याकडे जातो, त्याला मागे खेचावे लागते. तेल तापण्याआधीच त्यांनी कांदा टाकला. मीठ दोनदा घातले. मिरी भरडली नाही. बटाटे शिजायच्या आत भाजी उतरवली आणि वाढली.

पहिल्या घासाला यजमान थबकले. दुसरा घास त्यांनी जिभेवर घोळवला.

“अगं…”

“बोला.”

“तेल थंड होतं का? कांदा उकडल्यासारखा लागतोय. मीठ दोन वेळा पडलंय, एक आत मुरलंय आणि एक वरच बसलंय. मिरी अख्खी का?” मग ते सुटलेच. “एरवी तू कांदा कडेने तांबूस होईपर्यंत थांबतेस. त्यानेच बटाट्याला ती गोडी येते. लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात खाल्ली तेव्हा वाटलं होतं, ही साखर घालते की काय. चोरून डबा उघडून पाहिला होता मी. दुसऱ्या कुणाच्या हातची अशी लागत नाही. आज ते कुठे गेलं?”

बाई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या. भाजी गार होत होती. हा आवाज, हे बारकावे, हा उत्साह त्या परकीला आठ महिने दुपारच्या दुपार मिळत होता, हा विचार अजूनही त्यांना कुरतडतच होता.

“झालं?”

“झालं.”

“आणि बटाटे?”

“ते… जरा…”

“जरा काय? मावशीला असं ‘जरा’ म्हणत होतात?”

यजमानांनी एक फोड पुन्हा तोंडात घातली आणि डोळे मिटले. “कच्चे आहेत,” ते म्हणाले. “साफ कच्चे.”

बाईंनी आपली खुर्ची पुढे ओढली. “सांगा, किती कच्चे.”