शितलचं उद्यापन

सेनगावजवळच्या तांड्यावर किसनसिंगची थोरली शितल उपासांसाठी नावाजलेली होती. सोळा सोमवार कधीच सरले होते. मग गुरुवार आला, चतुर्थी आली, एकादशी तर होतीच. एरवी उपासाच्या नावाखाली माणसं साबुदाणा नि भगर हाणून दुप्पट खातात. शितल मात्र पाण्यावर राहायची. बायका म्हणायच्या, "पोर न्हाई, देवी हाय!"

देवी कसली! दोन वर्षांपूर्वी बघायला आलेल्या पाहुण्यांत मुलाची आत्या "पोरगी अंगानं लई भरलेली" म्हणून हसली होती. तिच्याबरोबर शितलचा बापही हसला. बारावीनंतर कॉलेज बंद, स्थळं सुरू. कशाबद्दलच तिला कोणी विचारलं नाही. तिच्या मर्जीचं उरलं ते एकच, समोरचं ताट. आधी ती बारीक व्हायला जेवण टाळायची. आता भाकरी पाहिली तरी छातीत धडधडायचं. आरशात बरगड्या मोजता येत होत्या, तरी तिला स्वतःची जाडीच दिसायची.

आशाताई दिपानं एकदा तिला काट्यावर उभं केलं आणि आकडा बघून दिपाचाच चेहरा उतरला. "शितल, हा उपास न्हाई, मनाचा आजार हाय. यात जीव जातो. मायला सांग, हिंगोलीला डॉक्टरकडं जाऊ."

पण शितल सांगणार, तोवर तिच्या मायनं, अनुसयाबाईनं, उद्यापन ठरवलंसुद्धा. लेक वाळत चाललेली त्या माउलीला काय दिसत नव्हती? व्रत सोडवलं की पोर जेवेल, एवढंच तिला कळत होतं. त्यांच्या घरची रीत अशी की व्रतवालीनं पहिला घास घ्यायचा, मग पंगतीनं. सगळा तांडा ताटावर बसला. शितलनं पुरणपोळीचा तुकडा मोडला, ओठापर्यंत नेला आणि परत ठेवला.

"माय, मला खाता येत न्हाई," ती रडतच बोलली. "देवाचं काहीच न्हाई यात. मला जेवायचं भ्या वाटतं. मला दवाखान्यात ने."

मग म्हातारी मिराबाई म्हणाली, "देवीच बोलून राहिली. व्रत सोडायला तिची अजून परवानगी न्हाई."

एक बाई उठून पाया पडली. मग दुसरी, तिसरी. शितल पाय ओढून घेत होती, त्या आणखी घट्ट धरत होत्या. ती आईकडं बघत राहिली.

अनुसयाबाई उठली. लेकीपुढचं ताट तिनं बाजूला सारलं आणि पदर पसरून तिच्या पायांवर डोकं ठेवलं.