रिचमंड : शहरातून की बाहेरून

या धाग्यावरचे अमानवीय अनुभव मी गेलं वर्षभर वाचतो आहे. बहुतेकांची सुरुवात ‘माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता’ अशी होते, आणि शेवटाला तो बसलेला असतो. माझा अजूनही बसलेला नाही. आमचं घर नागपूरचं, बौद्ध. आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या दिवसापासून घरात नवस नाही, अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही. शेजारच्या मुलांनी मला चिंचेवरच्या भुताची भीती घातली, तेव्हा बाबांनी आठवडाभर त्याच चिंचेखाली मला गणितं सोडवायला बसवलं होतं. त्यामुळे हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण दोन वर्षं गप्प राहून काही हलकं झालं नाही.

२००६ चा ऑक्टोबर. आम्ही, म्हणजे मी आणि माझी बायको सुजाता, एडिसन सोडून जॉर्जियात, अटलांटाजवळच्या अल्फारेटाला राहायला चाललो होतो. नोकरी तिची होती, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. मी एका कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांची नोंदणी करायचो. असं काम कुठेही मिळेल, असं तिचं म्हणणं. आमच्याकडे चार दारांचा पिकअप होता आणि त्याला मागे जोडायचा बावीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर – आत पलंग, छोटा ओटा, गॅसचे दोन सिलिंडर. ट्रेलरची हौस तिचीच. चालवायचीही तीच. माझं काम रस्ता ठरवायचं.

हे काम मी फार मनापासून करत असे. ट्रेलर मागे असला की शहर ही एक अडचण असते. बोगद्यातून गॅस सिलिंडर न्यायला बंदी, पार्कवेवरचे पूल ठेंगणे, चुकीच्या लेनमध्ये अडकलात तर मागे घेता येत नाही. म्हणून प्रत्येक शहरासाठी मी वहीत एक पान करायचो. शहरातून की बाहेरून, किती वाजता, कोणत्या एक्झिटच्या किती मैल आधी उजवीकडे सरकायचं. नेटवरून छापलेले नकाशे, मोठा ॲटलास, पेन्सिल. त्या प्रवासाच्या आखणीत मी दोन आठवडे घालवले होते. सुजाता म्हणायची, “अरे, माणसं चंद्रावर गेली एवढ्या तयारीत. आपल्याला जॉर्जियाला जायचंय.”

बाल्टिमोरला बोगदा टाळून आम्ही वळसा घातला, वहीत लिहिल्याप्रमाणे. पुढे वॉशिंग्टनच्या आधी एका रेस्ट एरियात थांबलो. साडेदहा-अकरा वाजले असतील. बाहेरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. हाफ स्वेटर, पांढरे स्पोर्ट्स शूज, हातात रिकामा कागदी कप. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील असतात ना, तसे. आमचं बोलणं ऐकून त्यांनी हाक मारली, “मराठी का?”

परदेशात हा प्रश्न आला की माणूस विरघळतो. आम्हीही विरघळलो. सुजाताने त्यांना चिवडा दिला. मुलगा गाडी आणायला गेलाय म्हणाले. मग नेहमीचं – कुठले, काय करता, आणि लगेच, “आडनाव काय?”

मी सांगितलं. ते “हं” म्हणाले. हे ‘हं’ मला शाळेपासून ओळखीचं आहे. ते ऐकू आलं की पुढचं बोलणं आपोआप आटतं. पण त्यांनी ट्रेलरकडे पाहिलं आणि विचारलं, “हे धूड घेऊन कसा जाणार? पूर्वेकडून?”

वॉशिंग्टनला वळसा दोन बाजूंनी घालता येतो. मी पूर्वेची बाजू ठरवली होती. तसं सांगितलं.

“पश्चिमेकडून जा. पूर्वेला अडकशील.”

“काका, मी बघितलंय सगळं. शनिवारी सकाळी पूर्वेला गर्दी कमी असते.”

“बघितलंय म्हणतो,” ते सुजाताकडे बघून हसले. “पुस्तकात बघितलं असेल.”

गाडीत बसल्यावर सुजाता म्हणाली, “म्हातारा खडूस आहे, पण तुला बरोबर ओळखलं यार.” आम्ही पूर्वेकडून गेलो. नदीवरच्या पुलाच्या अलीकडे एक ट्रक उलटला होता. दोन तास वीस मिनिटं आम्ही जवळजवळ जागेवर उभे होतो. ऊन समोरून येत होतं, आणि सुजाताची अर्धशिशी सुरू झाली.

रिचमंडच्या आधी पुन्हा रेस्ट एरिया लागतो. तिथे पोचेपर्यंत तिला डावा डोळा उघडवत नव्हता. ती म्हणाली, “आता तू चालव. माझ्याच्याने नाही होणार.” मी ट्रेलर जोडून तोपर्यंत चार-पाच वेळाच चालवला होता, तोही रिकाम्या पार्किंगमध्ये आणि गावाकडच्या रस्त्यांवर. ती तोंड धुवायला रेस्ट एरियाच्या इमारतीत गेली. मी वही उघडून रिचमंडचं पान काढलं. बाहेरून जायचं, वळशाने. मग खाली पीटर्सबर्गपाशी अटलांटाकडचा हायवे धरायचा. पाच एक्झिट, दोनदा लेन बदलायची. हे मी वाचून दाखवणार आणि ती चालवणार, असं धरून लिहिलेलं होतं.

“ऐकलं नाहीस ना?”

तेच गृहस्थ. तसाच बाक, तोच कप. मी दचकलो हे खरं, पण त्यात अमानवीय काही नव्हतं. त्यांचा मुलगा पश्चिमेकडून आला असणार, म्हणजे ते आमच्या आधी पोचणारच. सुजाताला नंतर सांगितलं तेव्हा तीही हेच म्हणाली.

“किती वेळ गेला?” त्यांनी विचारलं.

“दोन तास.”

“बरं झालं. आता तरी ऐकशील. शहरातून जा. सरळ. तुझ्यासारख्याला सरळच बरं.”

मी म्हणालो, “विचार करतो काका.” मग, केवळ काहीतरी बोलायचं म्हणून, “बायकोचं डोकं दुखतंय, म्हणून मी चालवणार आहे.”

“कळलं ते. ती झोपलीय ना मागे.” त्यांनी कपाने ट्रेलरकडे खूण केली. “खिडकीतून दिसली. भिंतीकडे तोंड करून झोपलीय, गोधडी घेऊन. ती हिरव्या काठांची.”

“नाही हो. ती तिकडे इमारतीत गेलीय, तोंड धुवायला.”

“असेल,” ते म्हणाले. “उठवू नकोस म्हणजे झालं.” आणि हसले. त्या हसण्यात काळजी नव्हती. पोराची फजिती बघताना माणसं हसतात, तसं होतं ते.

मी ट्रेलरपाशी गेलो. दाराला कुलूप. खिडकीचा पडदा ओढलेला. कुलूप उघडून आत पाहिलं. पलंगावर नुसती गादी आणि तिच्यावर पुस्तकांचे दोन खोके. हिरव्या काठांची गोधडी आमच्याकडे होती; सुजाताच्या आईने शिवलेली. पण ती पिकअपच्या मागच्या सीटखाली, दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यात होती. मी जाऊन तेही पाहिलं. गठ्ठा बांधलेलाच होता. परत बाकाकडे वळलो तेव्हा ते गेले होते.

सुजाता आली. मी तिला म्हातारा पुन्हा भेटला हे सांगितलं, रस्ता सांगितला हेही. गोधडीचं सांगितलं नाही.

“मग शहरातूनच जाऊ,” ती म्हणाली. “एकदा बरोबर निघालाय तो. आणि सरळ रस्ता म्हणजे तुलाही बरं. मी काही वाचून दाखवू शकणार नाही.” ते मला पटलं. माझ्या पाच एक्झिटांपेक्षा एक सरळ रस्ता नवख्या माणसाला सोपा, ही माझी स्वतःची अक्कल आहे असंही मी मला सांगितलं.

मग ती म्हणाली, “अरे, मी मागे झोपू का? ट्रेलरमध्ये?”

गाडी चालू असताना ट्रेलरमध्ये कुणी बसायचं नाही. बहुतेक राज्यांत कायदाच आहे तसा, आणि हा नियम मी तिला आधी दहादा ऐकवला होता.

“पुढे ऊन आहे. मागे पडदे आहेत, अंधार आहे,” ती म्हणाली. “चाळीस मिनिटं फक्त. शहर पार झालं की थांब आणि मला पुढे घे. प्लीज. मला ओकारी येतेय.”

इथे मला फार हळू आणि खरं लिहायचं आहे. ‘नाही’ हा शब्द माझ्या तोंडात आला होता. पण तो नियमामुळे आलेला नाही, हे मला त्या क्षणी कळलं. तो म्हाताऱ्याच्या बोलण्यामुळे आला होता. म्हणजे मी एका अनोळखी माणसाच्या भाकिताला घाबरून बायकोला डोकेदुखीत उन्हात बसवणार होतो. चाळीस वर्षांत जे मी कधी केलं नाही, ते. मला स्वतःची किळस आली.

मी म्हणालो, “जा. झोप.”

तिने माझ्या गालावर थोपटलं. “शहाणा आहेस,” म्हणाली. पुस्तकांचे खोके मी खाली ठेवले. मी ट्रेलरचा जोड तपासत होतो तेव्हा तिनेच गठ्ठा सोडून गोधडी काढून नेली असावी. मी दार लावलं तेव्हा आत पाहिलं नाही. पाहिलं नाही याचं कारणही मला ठाऊक आहे.

रिचमंडमधून जाणारा रस्ता शहराच्या मधोमध उंचावरून जातो आणि वळतो. मी उजव्या लेनमध्ये होतो, वेग पन्नासच्या खाली. वळणापुढे सगळ्या गाड्यांचे मागचे दिवे एकदम लाल झाले. मी ब्रेक दाबला आणि वेळेवर थांबलो. पुढच्या गाडीत आणि माझ्यात चांगली दहा फुटांची जागा होती. मला आठवतं, मी स्वतःवर खूश झालो होतो. सुजाताला सांगायचं, अगदी तू चालवतेस तसा थांबलो, असं मनात आलं.

मागच्या मालट्रकला थांबता आलं नाही.

मला खांद्याला मुका मार लागला. ट्रेलरचं काय झालं ते लिहीत नाही. तिला बाहेर काढणाऱ्या माणसाने नंतर मला दिलासा द्यायच्या हेतूने सांगितलं की तिला काही कळलंही नसेल. झोपेतच होती, भिंतीकडे तोंड करून, पांघरूण घेतलेलं. तो चांगला माणूस होता. त्याला वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल.

तीन महिन्यांनी मी त्या रेस्ट एरियात पुन्हा गेलो. साफसफाई करणाऱ्या बाईंना म्हाताऱ्याचं वर्णन सांगितलं. त्या म्हणाल्या, “इथे रोज असे दहा बसतात. मला तुम्ही सगळे सारखेच दिसता.” त्या दिवशी दुपारी बाहेरचा वळसा कसा होता, तेही मी चौकशी करून काढलं. मोकळा होता. ही चौकशी मी करायला नको होती.

मी पुष्कळ तर्क लावले. खिडकीच्या काचेत आणखी कुणाचं तरी प्रतिबिंब पडलं असेल. सकाळी चिवडा काढताना सुजाताने गाडीचं दार उघडलं तेव्हा त्यांना गठ्ठ्याचे काठ दिसले असतील. धक्क्यामुळे माझ्याच आठवणींचा क्रम उलटा झाला असेल. हे शक्य आहे, मी त्यावर वाचलंही आहे. त्यांनी आडनाव ऐकलं नसतं तर, हाही विचार करून झाला. कोणताच तर्क शेवटपर्यंत टिकत नाही. रिचमंडच्या रस्त्याबाबत मी त्यांचं ऐकलं, ट्रेलरमधल्या झोपेबाबत ऐकलं नाही, आणि दोन्हीकडे चुकलो. यापलीकडे मला काही सांगता येत नाही. कुणाला वेगळं काही सुचलं तर लिहा, पण कृपा करून शांती वगैरे सुचवू नका.

एक गोष्ट मात्र मला स्पष्ट सांगता येते. ती अमानवीय नाही.

हायवे पोलिसाने तिथेच, रस्त्याच्या कडेला, मला विचारलं, “त्या आत आहेत हे तुम्हाला माहीत होतं का?”

मी म्हणालो, “नाही.” मला वाटलं ती पिकअपच्या मागच्या सीटवर झोपली आहे, रेस्ट एरियात मला न सांगता ती ट्रेलरमध्ये गेली असावी. हे सगळं मी न अडखळता बोललो. त्याने लिहून घेतलं. मग तेच मी तिच्या ऑफिसला सांगितलं, मित्रांना सांगितलं आणि फोनवर नागपूरला सांगितलं.

गेल्या वर्षी, सुजाताला जाऊन वर्ष झालं तेव्हा, तिच्या पुण्यानुमोदनाला मी नागपूरला गेलो. वंदना झाली, भंतेजी बोलले, लोक जेवून गेले. सुजाताच्या आई शाळेत शिक्षिका होत्या. ताठ बाई, कधी कुणासमोर रडल्या नाहीत. सगळे गेल्यावर त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

“तुमचा नियमाने वागण्याचा स्वभाव आम्हाला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “तिला तुम्ही किती वेळा सांगितलं असेल. पण ती लहानपणापासूनच तशी, कुणाला न सांगता करायची. तुमचं आयुष्य खराब केलं पोरीने.”

मी म्हणालो, “आई, असं नका बोलू.”

“बोलू द्या. वर्षभर मला झोप नाही यायची याच विचाराने.” त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. “तिच्या वतीने मी मागते. तिला माफ करा.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. उत्तर मिळाल्याशिवाय त्या हात सोडणार नव्हत्या.

मी म्हणालो, “केलं, आई.”