गाळासाठी विणलेलं कापड

मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नागपुरात, चाळीस प्लास्टिकच्या पिशव्यांत. प्रत्येक पिशवीत मूठभर राखाडी गाळ होता आणि वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर आकडा. एका जहाजाने अरबी समुद्राच्या तळात लांब नळी घुसवून तो गाळ वर ओढला होता. आमच्या भूशास्त्र विभागातल्या सरांच्या एका मित्राने त्या लांबलचक गाळाचे तुकडे करून, आगगाडीने आमच्याकडे पाठवले. एक नंबर म्हणजे सगळ्यात वरचा, अलीकडचा थर. चाळीस नंबर म्हणजे हजारो वर्षं जुना.

ही पंच्याहत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. मी नुकतीच एम.एस्सी. झाले होते आणि घरच्यांकडून दोन वर्षं मागून घेतली होती. आई म्हणत होती एक, मी म्हणत होते तीन, बाबांनी दोनवर तोडगा काढला. "दोन वर्षात काहीतरी पक्कं करून दाखवजो, मंग पुढचं पाहू," ते म्हणाले. सरांनीही स्पष्ट सांगितलं होतं की या गाळाचा आणखी एक चमचाही मिळणार नाही. तेव्हा हातात काय होतं, तर दोन वर्षं आणि चाळीस पिशव्या.

सर मूळचे रत्नागिरीकडचे. नागपुरात ताजे मासे मिळत नाहीत म्हणून वर्षभर कुरकुरायचे आणि संत्र्याच्या दिवसांत तेवढे गप्प असायचे. त्यांनी मला पहिल्या दिवशी समजावलं ते असं: समुद्राच्या पाण्यात वरवर तरंगणारे बारीक जीव असतात. ते मरतात, त्यांची चुन्याची कवचं खाली बसतात. काही जातींना उबदार पाणी लागतं, काहींना थंड. कुठल्या थरात कुठलं कवच आहे हे मोजलं, की त्या काळी समुद्र गार होता की उबदार ते कळतं. "समुद्राने डायरी लिहून ठेवलीय," सर म्हणाले, "आपण फक्त वाचायची."

वाचण्याआधी मात्र धुवायची होती. गाळ पाण्यात भिजवायचा, बारीक चाळणीत घेऊन नळाखाली धरायचा, चिखल निघून जातो आणि चाळणीत कवचं उरतात. आमच्या विभागातल्या एकुलत्या एका बारीक चाळणीची जाळी फाटलेली होती. नवी परदेशातून यायची होती. तिच्यासाठी पत्र गेलं, आठवणीचं पत्र गेलं, त्या आठवणीची आठवण करून देणारंही गेलं. तीन महिने मी पिशव्यांवरची धूळ पुसत बसले आणि भेटेल त्याच्यावर चिडत राहिले.

आमचं घर तांडापेठेत, विणकरांच्या वस्तीत. पुढच्या खोलीत बाबांचा माग, मागच्या खोलीत आम्ही. पॉवरलूम आल्यापासून वस्तीतले निम्मे माग बंद पडले होते आणि आमचाही आठवड्यातले तीनेक दिवसच चालायचा. एक दिवस मी जेवताना चाळणीच्या नावाने बोटं मोडत होते. बाबा शांतपणे म्हणाले, "किती बारीक जाऊ द्यायचं नाही, ते मले दाखव."

मी चिडूनच खसखशीचा एक दाणा ताटाच्या कडेवर ठेवला. "याच्या चौथाईएवढं."

बाबांनी तो दाणा बोटावर घेतला, उजेडात धरला, आणि जेवण संपवून मागावर जाऊन बसले. घट्ट पीळ दिलेलं रेशीम घेतलं. त्याला खळ लावली नाही, कारण ती पाण्यात सुटली असती. चार दिवसांनी त्यांनी वीतभर पांढरं कापड माझ्या हातात दिलं. सरांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून सगळीकडून भोकं मोजली. दोन कोपऱ्यांत किंचित फरक होता, बाकी सगळीकडे सारखी. सर बराच वेळ "अरे वा" एवढंच म्हणत होते. मी ते कापड कशिद्याच्या लाकडी कड्यावर ताणून बसवलं. त्या दिवशी मला बाबांचा इतका अभिमान वाटला की घरी जाऊन मी त्यांना काहीच सांगितलं नाही. आमच्याकडे तसं सांगत नाहीत.

मग काम धडाक्यात सुरू झालं. वरच्या थरापासून सुरुवात केली. एकेका पिशवीतला अर्धा गाळ घ्यायचा, त्या कापडावर धुवायचा, वाळवायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली शून्य नंबरच्या ओल्या ब्रशाने एकेक कवच उचलून काळ्या पट्टीवरच्या चौकटीत ठेवायचं. इतर मुलांचे हात थरथरायचे. मी सातव्या वर्षापासून मागावर तुटलेले धागे सांधत आले होते, माझा हात हलत नसे. तिथे एक कवच माझ्या फार आवडीचं झालं. चपटं, गोल, कडेला जाड काठ असलेलं, उबदार पाण्यातलं. वरच्या थरांत ते भरपूर होतं. खाली जाऊ तसं ते कमी होईल आणि थंड काळातल्या थरांत अजिबात दिसणार नाही, असा सरांचा अंदाज होता.

ते दिसत राहिलं. कमी झालं खरं, पण संपलं नाही. पंधराव्या थरात चार, विसाव्यात पाच, चोविसाव्यात चार; त्याखाली तर पुन्हा वाढलं. दोनातलं दीड वर्ष सरता सरता मी चाळीसाव्या थराला पोचले तेव्हा माझ्याकडे चाळीस पट्ट्या होत्या आणि प्रत्येकीवर ते काठवालं कवच होतं. म्हणजे आपला समुद्र कधी गारठलाच नव्हता. सर्व मोठे लोक चुकले होते आणि तांडापेठेतली मी बरोबर होते. सर म्हणाले, "लिहायला घे. पण आधी एकदा पडताळून बघ." मला त्यातलं पहिलंच वाक्य ऐकू आलं.

घरी येऊन मी हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. आई कौतुकाने ऐकत होती. बाबा बॉबिनवर धागा भरत होते.

"मधल्या थरात दरवेळेस चार-पाचच?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अन् कपडा तोच?"

"तोच. दरवेळी चांगला धुते मी."

"कपडा धरून ठेवते वं बाई," बाबा म्हणाले. "त्याचा स्वभावच हाय तो. आपण लाल सूत रंगवल्यावर त्याच हंड्यात पिवळं टाकाच्या आधी काय करतो? एक कोरी लडी बुडवून पाहतो. हंडा कितीबी घासला तरी मागचा रंग राह्यला असंल तर त्या लडीवर येते. तू कोरी लडी बुडवली काय?"

मला समजलं ते काय म्हणतायत. समजलं म्हणूनच राग आला. सव्वा वर्ष मान मोडून केलेल्या कामावर मागापाशी बसून कोणी बोट ठेवावं, हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "तुमाले समुद्रातलं काय समजते?"

आईने वळून माझ्याकडे पाहिलं. बाबा बॉबिन भरत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी विभागात गेले ती केवळ त्यांना खोटं पाडायला. आवारात बांधकामासाठी कन्हानच्या रेतीचा ढीग पडला होता. कन्हान आमची नदी, तिचा आणि समुद्राचा काय संबंध. मी ओंजळभर रेती उचलली, बाबांच्या कापडावर धुतली, हाताने नीट चोळून घेतली, वाळवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पिवळसर, चकचकीत, साधे रेतीचे कण होते. मी मनात जिंकल्याचं भाषण तयार केलं. मग ताटली जरा सरकवली, तर कन्हानच्या रेतीत ते बसलं होतं. चपटं, गोल, काठवालं. शेजारी दुसरं. मोजली तेव्हा एकूण पाच भरली.

चपटी असल्यामुळे ती धाग्यांच्या मधे उभी अडकायची, साध्या धुण्याने निघायची नाहीत, आणि पुढचा थर चोळताना त्यातली चार-पाच सुटायची. वरच्या थरांतली कवचं मी स्वतःच्या हाताने थेट चाळीसाव्या थरापर्यंत पोचवली होती. मी स्टुलावर बसून रडले. अर्धा गाळ संपला होता, दीड वर्ष संपलं होतं, आणि बाबांना काय बोलले ते वेगळंच.

सरांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी रेतीतली कवचं पाहिली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हा प्रयोग तुला कोणी सुचवला?" मी सांगितलं. ते म्हणाले, "उरलेला अर्धा गाळ आहे. सहा महिने आहेत. आता वडिलांनाच विचार काय करायचं."

ते विचारणं मला सगळ्यात जड गेलं. बाबा मागावरच होते. मी उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, "बाबा, कोऱ्या लडीवर रंग आला." बाबांनी माग थांबवला. मला वाटत होतं, आपल्या कापडाने पोरीचं काम बुडालं म्हणून त्यांना वाईट वाटेल. त्यांनी विचारलं एवढंच, "थर किती हायेत?"

"चाळीस."

"मंग चाळीस तुकडे लागतील. एका थराले एक. वापरला का फेकला."

पुढचे दोन महिने आमचा माग आठवड्यातले सहाही दिवस चालला. इतका तो कित्येक वर्षांत चालला नव्हता. शेजारच्या बाया येऊन विचारायच्या की कोणाचं लग्न निघालं, आणि आई ऐटीत सांगायची की समुद्राचं काम हाय. तिने प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात लाल धाग्याने आकडा भरला, एक ते चाळीस. सव्विसाचा आकडा वाकडा आला म्हणून उसवून परत घातला. मी म्हटलं, तो एकदा वापरून टाकूनच द्यायचा आहे. ती म्हणाली, "म्हणून वाकडा ठेवू काय?"

मी पुन्हा पहिल्या थरापासून धुवायला लागले. एक थर, एक तुकडा. दर पाच थरांनंतर बाबांनी वेगळ्या दिलेल्या एका कोऱ्या तुकड्यावर कन्हानची रेती धुऊन बघायची, आणि भांड्यातून वा ब्रशातून तिच्यात काही आलं नाही याची खात्री पटली की पुढे जायचं. काठवालं कवच दहाव्या थराला निम्म्यावर आलं. पंधराव्यात एकच होतं. सोळाव्यात मी दोन दिवस शोधलं आणि एकही मिळालं नाही. सतराव्यात नाही, अठराव्यात नाही. रिकाम्या चौकटी बघून इतका आनंद होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. तसे नऊ थर गेले. पंचविसाव्या थरात ते पुन्हा होतं, सात-आठ, आणि पुढे वाढतच गेलं. समुद्र खरंच गारठला होता, आणि त्याच्या आधी तो उबदार होता.

शोधनिबंध टाईप होऊन आला त्या आठवड्यात मी बाबांना विभागात घेऊन गेले. त्यांनी दारात चपला काढल्या. सर नको नको म्हणत होते, तरी काढल्याच. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि पहिल्या थराची पट्टी लावली. बराच वेळ ते डोळा लावून बसले.

"याले काठ हाय," ते म्हणाले. "बारीक विणल्यावानी." मग मी अठरावी लावली. "इथं तं काहीच नाही."

"हो. तेच शोधलं मी."

मग तिसावी. बाबा पुढे वाकले. "आले ना वापस," ते हळूच म्हणाले.

माझ्या पट्ट्यांच्या पेटीत सगळ्यात पुढच्या खणात आणखी एक पट्टी होती. तिच्यावर थराचा आकडा नव्हता, नुसतं 'कन्हान' लिहिलं होतं. ती मी शेवटी लावली. म्हटलं, "ही ती पहिली रेती, जुन्या कपड्यावर धुतलेली. तुम्ही सांगितलं नसतं तर हे मला कधीच दिसलं नसतं."

बाबांनी ती नीट पाहिली. मग डोळा बाजूला केला, सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी गरीब चेहरा करून म्हणाले, "मले समुद्रातलं काय समजते?"

सर काही न कळून हसले. मी खाली वाकले आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. इतकं वाकायला मला सहा महिने लागले होते. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ऊठ, अन् ते काठवालं डबल दाखव."