कोचसाठी एक तरी मॅच

नेदरलँड्समधल्या बेस्ट गावचे आम्ही तिघे-चौघे आता पुण्यात भेटलो की कोचचा एक किस्सा निघतो आणि बाकीचे आपोआप मागून येतात. काही इथे.

अमेरिकेतल्या कॉलेजांत अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल शिकवण्यात कोचचं आयुष्य गेलं होतं. निवृत्तीनंतर ते आइंडहोवनशेजारी बेस्टला मुलीकडे राहायला आले. आम्ही तिथले मराठी इंजिनिअर रविवारी क्रिकेट खेळायचो. त्यांनी ते पाहिलं आणि आम्हाला बेसबॉलच्या लीगमध्ये उतरवलं. मी अमेरिकेत शिकलेला, त्यामुळे मला नियम माहीत होते. खेळ नव्हे.

*

मिलिंद बॉल मारला की बॅट घेऊनच पळायचा. क्रिकेटची सवय! कोचनी महिनाभर घोकून घेतलं, "बॅट टाक आणि पळ." पहिल्या मॅचमध्ये त्याने बॅट टाकली, पळताना तिला पाय लागला, म्हणून मागे फिरून नमस्कार केला. तोवर आऊट.

कोचनी हळूच मला विचारलं, "कोण वारलं?"

*

एकदा कोच गंमत म्हणून त्यांचा अमेरिकन फुटबॉल शिकवत होते. समोरच्याला खांदा देऊन पाडायचं. समीरच्या समोर त्याचाच मॅनेजर.

"कोच, पुढच्या महिन्यात माझं अप्रेझल आहे."

"मग जोरात पाड. लक्षात राहशील."

*

हरण्याबद्दल कोच म्हणायचे, "दोन मॅच हरलो की कॉलेजचे प्रेसिडेंट जेवायला बोलवायचे. तिसरी हरलो की बायको सामान बांधायला घ्यायची."

आम्ही तर सगळ्याच हरलो होतो. खेळातून माणूस घडतो, असं मी प्रत्येक पराभवानंतर सांगायचो. समीर म्हणायचा, "घडलो रे, आता जिंकू या."

*

सीझनच्या शेवटी कोच कायमचे अमेरिकेला परत निघाले. शेवटच्या मॅचआधी म्हणाले, "पोरांनो, मला एकही मॅच न जिंकता घरी पाठवू नका."

मॅच आल्मेरेच्या टीमशी. शेवटची इनिंग, स्कोअर बरोबरीत. मिलिंद घसरत होम प्लेटवर, म्हणजे रन पूर्ण होते तिथे, पोचला, अंपायरनी "सेफ" म्हणजे नॉट आऊट दिलं. जिंकलो! आम्ही नाचायला लागलो.

मिलिंद कपडे झटकत उठला. "सर, सेफ नाही. त्यांच्या कॅचरचा बॉल धरलेला ग्लोव्ह मला आधी लागला."

अंपायरनी निर्णय फिरवला. बरोबरी सुटावी म्हणून दिलेल्या जादा इनिंगमध्ये आम्ही हरलो.

कोच मिलिंदशेजारी बाकावर बसले.

"तुमच्या क्रिकेटमध्ये असा नियम आहे?"

"नाही, कोच."

"मग कोणी शिकवलं?"

"बाबांनी. ते क्लबकडून खेळायचे."

"बरेच जिंकले असतील?"

"फारसे नाही."

कोच म्हणाले, "फोन लाव त्यांना. सांग, आपण हरलो."